डेंग्यूची कात्री पळवणारी कंपनी

मी विषाणूंची प्रथिनं नाहीशी करण्याचं काम करत असे. हे वाक्य एखाद्या बारशाच्या पंगतीत उच्चारून पाहा. समोरचा आधी "अरे वा!" म्हणतो, दोन घास खातो आणि मग काळजीच्या सुरात विचारतो, "पण डॉक्टर तर प्रोटीन वाढवायला सांगतात ना?" माझ्या एका आतेबहिणीने तर मुलाचा प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा आणून माझ्यासमोर आदळला आणि म्हणाली, "यातलं कुठलं काढायचं ते एकदा सांगून टाक." तिला समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे दह्यातलं पाणी काढतात तसं." मी हो म्हटलं. साठी उलटल्यावर माणूस बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो.

मी बेंगळुरूची. नोकरीसाठी आलेली नव्हे, इथलीच. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की महाराष्ट्रातलं मूळ गाव कुठलं यावर घरात आजही दोन पक्ष आहेत. आमच्या मराठीतून 'जरा' हा शब्द कधीच निघून गेला आणि त्याच्या जागी 'स्वल्प' येऊन बसला. थोरल्या भावाला अण्णा आणि मला सगळे अक्का म्हणतात. सरकारी संशोधन संस्थेत माझी सगळी नोकरी झाली. काम एकच: माणसाच्या पेशी प्लास्टिकच्या ताटल्यांत वाढवायच्या, त्यांना डेंग्यूचा विषाणू द्यायचा आणि पुढे काय होतं ते पाहायचं. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि नाव चुकीचं कोरलेलं मानचिन्ह मिळालं. 'वसुधा'चं 'वसुंधरा' झालं होतं. मी दाखवून दिल्यावर संचालक म्हणाले, "अर्थ एकच आहे हो."

त्यानंतर काही दिवसांनी निनादचा फोन आला. निनाद पुण्याचा, तिशीतला. त्याने इथेच, हेब्बाळला औषध संशोधनाची कंपनी काढली होती आणि पेशी व विषाणू सांभाळणारं अनुभवी माणूस त्याला हवं होतं. त्याने मला कोरमंगलातल्या एका कॉफीच्या दुकानात बोलावलं. तिथे कॉफी प्यायला असं कुणी आलंच नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे कंपन्या काढत होते. निनादच्या टी-शर्टवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'अडवू नका, संपवा.' मला आधी वाटलं, हा एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता असावा.

"मॅडम, तुमचं मराठी फार क्यूट आहे," तो म्हणाला. साठीच्या बाईला हे बोलण्याचं धाडस ज्याच्यात आहे तो डेंग्यूलाही भिणार नाही, असा हिशेब करून मी बसून राहिले.

टी-शर्टवरच्या घोषणेचा अर्थ त्याने मला सांगितला तो असा. डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरला की आपली सगळी प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवून घेतो. ती साखळी ठरावीक जागी कापली गेली तरच तुकडे कामाला लागतात. कापण्यासाठी विषाणू स्वतःची कात्री बाळगतो, आणि ती कात्रीही एक प्रथिनच असते. जुन्या पद्धतीचं औषध त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. ते तिथून निसटलं की कात्री पुन्हा चालू, म्हणून औषध वरचेवर आणि भरपूर लागतं. नव्या पद्धतीत कात्री अडवायची नाही, ती नाहीशीच करायची.

तेही आपण करायचं नाही, पेशीकडून करवून घ्यायचं. आपल्या प्रत्येक पेशीत निकामी प्रथिनं मोडीत काढायची सोय असते. ज्या प्रथिनाचे दिवस भरले त्याला एक छोटीशी चिठ्ठी चिकटवली जाते. चिठ्ठी लागली की ते एका पिंपासारख्या यंत्रात ओढलं जातं आणि त्याचा चुरा होतो. विषाणूच्या कात्रीला मात्र पेशी आपण होऊन अशी चिठ्ठी सहसा लावत नाही. आमचं औषध म्हणजे दोन टोकांचा एक रेणू. एक टोक कात्रीला धरतं, दुसरं चिठ्ठी लावणाऱ्या प्रथिनाला. दोघं शेजारी आली की चिठ्ठी लागते, कात्री पिंपात जाते आणि रेणू मोकळा होऊन दुसरी कात्री शोधायला निघतो.

कल्पना सुरेख होती. निनादला ती सुचलेली नव्हती, जगात बरेच लोक त्यावर काम करत होते. पण त्याला ती आवडली होती, आणि कल्पना मनापासून आवडणारी माणसंही कमीच असतात. मी हो म्हटलं.

रेणू बनवायचं काम रघूचं. डॉ. रघुनंदन, दावणगेरेचा, चाळिशीचा रसायनशास्त्रज्ञ. आम्ही दोघं कन्नडमध्ये बोलायचो, म्हणजे मी बोलायचे. रघू इतकं कमी बोलायचा की निनादने त्याला संवादकौशल्याच्या शिबिराला पाठवलं. परत आल्यावर कसं झालं विचारलं, तर म्हणाला, "सरी." सरी म्हणजे ठीक. आमच्याकडच्या 'सरी'त होकार, नकार, कंटाळा आणि क्षमा हे सगळं मावतं. शिबिराचा निकाल यातला कुठला, ते निनादला आजतागायत कळलेलं नाही.

रघूचा पहिला रेणू आला. आमच्या धंद्यात पुरावा म्हणजे पट्टी. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं पट्टीवर पसरवायची आणि ज्याचा शोध आहे ते रंगवायचं. काळी रेघ उमटली म्हणजे प्रथिन आहे, नाही उमटली म्हणजे नाही. त्या सकाळी कात्रीची रेघ गायब होती. निनादने पट्टीचा फोटो काढला आणि मी हातमोजे उतरवेपर्यंत केकही मागवला.

"थांब," मी म्हटलं. "जुळ्याची पट्टी अजून यायची आहे."

जुळा म्हणजे तसाच दिसणारा रेणू, फक्त चिठ्ठीवाल्याला धरणारं त्याचं टोक मोडलेलं. त्याच्याने काही होता कामा नये. त्यानेही कात्री घालवली तर समजायचं की इथे भलतंच काहीतरी चाललं आहे. जुळ्याची पट्टी आली. तिच्यावरही रेघ नव्हती. मग पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर दोन्ही ताटल्यांत मढी पडलेली. मेलेली पेशी विषाणूला कात्री कशी बनवून देणार? घर जाळलं की झुरळं जातात, त्यातला प्रकार.

तेवढ्यात केक आला. त्यावर 'गुडबाय डेंग्यू' लिहिलं होतं. निनाद केककडे आणि पट्टीकडे आळीपाळीने पाहत होता. "मॅडम, पण टेक्निकली डेंग्यू गेलाच ना?" त्याने विचारलं. रघूने सुरी घेतली, 'गुडबाय' आणि 'डेंग्यू' यांच्या बरोबर मधून केक कापला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "रेणू विषारी आहे. केक सरी."

त्यानंतर रघूने किती रेणू बनवले ते तोच जाणे. कुणी पेशी मारायचे, कुणी पेशीत शिरायचेच नाहीत, कुणी कात्रीला धरून नुसते बसायचे. निनादच्या सादरीकरणात यातल्या प्रत्येकाला 'महत्त्वाचा टप्पा' असं नाव मिळायचं. मग एका सकाळी एक पट्टी आली. खऱ्या रेणूने कात्रीची रेघ गेली होती. जुळ्याच्या बाजूला ती ठसठशीत होती. आणि पेशीतलं ते चुरा करणारं पिंप दुसऱ्या औषधाने बंद पाडलं होतं त्या ठिकाणी रेघ परत आली होती. पेशी छान जिवंत होत्या. आयुष्यभर मी डेंग्यूला पेशींची नासधूस करताना पाहिलं होतं. पेशीने डेंग्यूचं हत्यार उचलून मोडीत घातलेलं पहिल्यांदा पाहत होते. पट्टी उजेडाकडे धरून मी तशीच उभी राहिले.

"अक्का," रघू हळूच म्हणाला, "पट्टी ओली होईल. डोळे पुसा."

आता भल्लासाहेबांबद्दल सांगायला हवं. कंपनी चालत होती ती त्यांच्या पैशावर. फरशांच्या धंद्यात त्यांनी नाव कमावलं होतं आणि पुढची पायरी म्हणून ते विज्ञानात उतरले होते. त्यांचं बोलणं हिंदीत, पण मी ते बहुतेक मराठीतच सांगते. ते प्रयोगशाळेत आले की प्रथम जमीन पाहायचे. "ये टाइल किसने लगाया?" असं विचारून झाल्यावर मग विज्ञान.

या नव्या रेणूचा आलेख त्यांना दाखवायचा होता. आलेखात एक गंमत होती. डोस वाढवत गेलं की कात्री कमी होत जाते. पण एका मर्यादेपुढे डोस आणखी वाढवला तर कात्री परत दिसायला लागते. या जातीच्या रेणूंचा तो स्वभावच आहे. निनादने आलेखाची उजवी बाजू छाटून टाकली होती. मी ती परत चिकटवली. त्याने परत छाटली. सादरीकरणाच्या दिवशी संगणक माझा होता.

"हे काय?" भल्लासाहेब पुढे वाकले. "दवा ज़्यादा, असर कम?"

निनादने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संवादकौशल्य अजिबात नव्हतं.

"भल्लासाहेब," मी म्हटलं, "लग्न जुळवायला एक मध्यस्थ पुरतो. तो मुलाला आणि मुलीला एका खोलीत आणून बसवतो. पण घरात पन्नास मध्यस्थ सोडले तर मुलगा एकाशी बोलत बसतो, मुलगी दुसऱ्याशी, आणि दोघांची गाठच पडत नाही. आमचा रेणू मध्यस्थ आहे."

ते खदखदून हसले. "अगदी आमच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट!" मग उठताना त्यांनी निनादच्या खांद्यावर हात ठेवला. "पण हे दुरुस्त करून घ्या. अगली बार मुझे सीधी लाइन चाहिए." निसर्गाला मुदत देऊन ते निघून गेले.

त्या वर्षी शहरात डेंग्यूने थैमान घातलं. दवाखाने भरले, औषधांच्या दुकानात मच्छर पळवणारी मलमं मिळेनात, आणि निनादच्या एचएसआर लेआउटमधल्या सोसायटीत लोक एकमेकांच्या कुंड्यांतलं साचलेलं पाणी तपासत भांडू लागले. आमच्याकडे मात्र उत्साह होता. 'मार्केट तयार होतंय,' असं निनाद एकदा बोलून गेला, आणि लगेच त्याने जीभ चावली. तेवढं श्रेय मी त्याला देते.

एका दुपारी भल्लासाहेब आले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं नाही. दाढी वाढलेली, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. त्यांचा मुलगा करण, कॉलेजात शिकणारा, डेंग्यूने रुग्णालयात होता. सकाळपासून त्याचा रक्तदाब घसरत होता.

"मॅडमजी, ती शीशी द्या," ते म्हणाले.

"कुठली?"

"कात्री घालवणारी. तुम्हीच पडद्यावर दाखवली होती."

"ते प्लास्टिकच्या ताटलीतल्या पेशींवर होतं, भल्लासाहेब."

"माझ्या मुलाच्या अंगात पेशी नाहीत का?"

याला उत्तर होतं, पण ते बापाच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "हे अजून औषध नाही. याने माणसाचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"मी पेशींची डॉक्टर आहे. आजवर मी एकाही माणसाला बरं केलेलं नाही."

निनादने मला बाहेर बोलावलं. तो घामाघूम झाला होता. "मॅडम, अशा केसमध्ये स्पेशल परवानगी वगैरे असते ना? अगदी थोडं... अगदी स्वल्प?"

पुण्याच्या माणसाच्या तोंडी 'स्वल्प' मी प्रथमच ऐकला, आणि तोही अशा कामासाठी. "निनाद," मी म्हटलं, "परवानगी मागायला आधी काहीतरी हातात लागतं. हा रेणू अजून उंदरानेही चाखलेला नाही. चिठ्ठी लावणारं ते प्रथिन शरीरात इतरही ढीगभर कामं करतं. त्याला आपण भलतीकडे ओढलं तर काय काय मोडीत जाईल, सांगता येतं तुला? पोराला काही झालं तर ते आपण केलं. आणि पोरगा जगला तर त्याहून वाईट. मग भल्लासाहेब हे औषध गावभर वाटतील."

"ते कंपनीतून बाहेर पडतील."

"पडू देत."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे, मॅडम. तुम्हाला पेन्शन आहे."

ते खरं होतं, म्हणून लागलं. मी काही बोलणार एवढ्यात आतून आवाज आला. भल्लासाहेब थेट रघूच्या खोलीत गेले होते. रेणूंच्या फ्रीजसमोर उभे राहून ते म्हणत होते, "बनवता तुम्हीच ना? मग तुम्हीच द्या. मी कुठेही सही करतो."

रघूने हातातलं काम खाली ठेवलं. त्याचं हिंदी मोडकंतोडकं. पण त्या दिवशी तो जितकं बोलला तितकं मी त्याला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

"सर, मागच्या वर्षी माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता. सात वर्षांची आहे. तीही अशीच थंड पडली होती. तेव्हाही फ्रीजमध्ये रेणू होते, आणि या फ्रीजची चावी माझ्या खिशात होती. मी हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ बसून खिशातली चावी चाचपत होतो. पण मी तिला हे दिलं नाही, सर."

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्याने फक्त रजा टाकली होती, कारण 'घरगुती'. भल्लासाहेब फ्रीजसमोरून बाजूला झाले. मग तिथल्याच एका उंच स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. शेवटी निनादच पुढे झाला. त्याने त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, "सर, चला. करणजवळ जाऊ. गाडी मी चालवतो." त्या मुलाने कंपनी काढल्यापासून घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता आणि तो कुठल्याही सादरीकरणात नाही.

मीही बरोबर गेले. रुग्णालयातली डॉक्टर वयाने लहान होती आणि खूप थकलेली होती, पण तिने सगळं नीट समजावून सांगितलं. करणचा ताप आदल्या दिवशीच उतरला होता आणि घरच्यांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. ते मोजून मापून सलाइनने भरत राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचं, एवढाच उपाय. कमी दिलं तर रक्तदाब पडतो, जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी होतं.

"आणि विषाणू?" भल्लासाहेबांनी विचारलं.

"तो आता उतरणीला लागलाय," ती म्हणाली. "त्याला जे करायचं ते करून झालं."

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पलंगाशी उभं राहून ते पहिल्यांदाच ऐकत होते. आमचा रेणू उद्या अगदी खरं औषध झाला, तरी तो द्यायला हवा तापाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा माणूस 'अंग स्वल्प मोडून आलंय' म्हणत काढा पिऊन झोपतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत कात्रीचं काम उरकलेलं असतं. आम्ही एवढी वर्षं कात्रीमागे धावलो आणि ही गोष्ट निनादच्या चकचकीत चित्रांत कुठेच नव्हती. माझ्याही बोलण्यात ती फारशी आली नव्हती.

मी करणच्या आईशेजारी, म्हणजे भल्लाबाईंशेजारी बसून राहिले. त्या सलाइनच्या प्रत्येक थेंबाकडे पाहत होत्या. संध्याकाळी करणने डोळे उघडले आणि मोबाइल मागितला. डॉक्टर हसली. "हे चांगलं लक्षण आहे," ती म्हणाली.

करण बरा झाला. पुढच्याच महिन्यात भल्लासाहेबांनी मोठी मेजवानी दिली आणि आम्हालाही बोलावलं. हातात माइक घेऊन त्यांनी मुलाच्या पुनर्जन्माची कथा सांगितली. आम्ही तिघं एका टेबलाशी अवघडून बसलो होतो. आपलं नाव येईल, निदान त्या डॉक्टरचं तरी येईल, अशी आमची समजूत. भल्लासाहेब म्हणाले, "माझ्या मुलाला कुणी वाचवलं माहीत आहे? पपीते के पत्ते ने!" त्यांच्या मेहुणीने थर्मासमधून पपईच्या पानांचा रस पाठवला होता. दोन चमचे त्याच्या पोटात गेले, उरलेला उलटीत गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. रघूने शांतपणे गुलाबजाम संपवला.

पपईच्या पानांच्या गोळ्या काढणारी कंपनी भल्लासाहेबांनी लगेच उभी केली. तिचा आलेख सरळ रेषेत वर जातो असं ऐकते. त्या गोळीची जुळ्याशी तुलना करून पाहा असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. आमच्यातून ते बाहेर पडले. निनादला म्हणाले, "तुमच्या लोकांत हिंमत नाही."

त्यातच उंदरांचा निकाल आला. साधा उंदीर डेंग्यूला भीक घालत नाही. त्याच्यासाठी प्रतिकारशक्ती पांगळी केलेले खास उंदीर लागतात. अशा उंदरांना आम्ही रेणू दिला. रेणू लांबरुंद, बोजड. यकृताने त्याला रक्तात टिकूच दिलं नाही. ताटलीतला पराक्रमी उंदरात पोहोचेपर्यंत चारी मुंड्या चीत. विषाणूवर परिणाम शून्य.

मग निनादने आम्हाला समोर बसवून नवी दिशा सांगितली. पडद्यावर एका गोऱ्या मुलीचा चेहरा होता. "मॅडम, टेक्नॉलॉजी तीच, टार्गेट फक्त बदलायचं. त्वचेत रंग तयार करणारं प्रथिन असतं. आपण ते डिग्रेड करायचं. आणि हे वरून लावायचं, त्यामुळे यकृताचा प्रश्नच नाही. इन्व्हेस्टर तयार आहे."

"म्हणजे आपण विषाणू सोडून लोकांचा रंग घालवायचा?"

"ब्राइटनिंग म्हणायचं, मॅडम."

आमच्या घराण्यात एकजात सगळे काळेसावळे. निदान त्या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. मी राजीनामा दिला. रघूनेही दिला, त्याला एका सरकारी संस्थेत जागा मिळत होती. निघताना मी निनादकडे एकच मागणी केली. डेंग्यूचे रेणू तुला आता नकोत, ते रघूच्या संस्थेला देऊन टाक. त्याच्या वकिलाने सांगितलं, असं फुकट काही द्यायचं नसतं. निनादने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बर्फाची पेटी घेऊन रघूच्या दारात उभा राहिला.

"रेणू नंतर मोठे झाले तर आमचं नाव विसरू नका," तो म्हणाला. रघू म्हणाला, "सरी." या वेळी अर्थ स्पष्ट होता.

रघूच्या प्रयोगशाळेत मी आता बिनपगारी जाते. लोकांना वाटतं निवृत्तीत वेळ जात नाही म्हणून जाते. खरं म्हणजे मला पट्ट्या पाहायची खोड आहे. रघूने तो रेणू छाटून छोटा केला, यकृताला ओळखू येऊ नये म्हणून त्याचे कोपरे बदलले. आणि यंदा उंदरांच्या रक्तातला विषाणू खाली आला. जुळा रेणू दिलेल्या उंदरांत नाही आला. खऱ्या रेणूच्या उंदरांत आला. तोही लागण झाल्याबरोबर औषध दिलं तरच; उशीर केला तर नाही. रघू कागद हातात घेऊन माझ्याकडे आला.

"सांगायचं का कुणाला, अक्का?"

"आधी प्रयोग पुन्हा कर," मी म्हटलं.

त्याने पुन्हा केला. परत तेच आलं. औषध व्हायला अजून फार लांबचा पल्ला आहे, वाटेत यकृतासारखे आणखी कितीजण दबा धरून बसलेत कुणास ठाऊक, आणि पहिल्याच दिवशी ताप ओळखायचा कसा हा प्रश्न तर जागच्या जागी आहे. पण उंदीर जगले. मी त्यांना टुकुटुकु पाहताना पाहिलं आहे.

ही बातमी निनादपर्यंत कशी पोहोचली माहीत नाही. त्याचा फोन आला. मागे मोठा गोंगाट आणि संगीत चालू होतं. त्याच्या रंग उजळायच्या क्रीमचा समारंभ होता.

"मॅडम, उंदरांत चाललं म्हणे?"

"चाललं."

"आपलाच रेणू?"

"त्याचाच धाकटा भाऊ."

मागचं संगीत लांब गेलं; तो बाजूला आला असावा. मग म्हणाला, "मी थांबायला हवं होतं का?"

"थांबला असतास तर कंपनी बुडाली असती," मी म्हटलं, "आणि रेणू कुठल्यातरी बँकेच्या कुलपात गेले असते. रघूच्या हाती काही लागलं नसतं."

"हो. ते बरोबर आहे." मागून कुणीतरी त्याला स्टेजवर बोलावत होतं. तो जात नव्हता.

"तरीपण, मॅडम," तो म्हणाला.

"हो रे," मी म्हटलं. "तरीपण."